वसईची चर्चं आणि दर मे महिन्यात फिरणारा एक फॉरवर्ड

मे महिना तापायला लागला की वसईतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास येतो. वसईच्या विजयदिनाचं निमित्त असतं, सोबत किल्ल्यातल्या पडक्या चर्चचा फोटो असतो. मजकूर साधारण असा : १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचं एकही चर्च शिल्लक ठेवलं नाही. आज वसईत दिसतात ती चर्चं नंतर इंग्रजांनी बांधून दिली. तिथले ख्रिस्ती म्हणजे मागे राहिलेले पोर्तुगीज, नाहीतर गोव्याहून आणून वसवलेले लोक. त्यांची उपासना पोर्तुगीजमध्ये चालायची, मराठी त्यांनी अलीकडे धरली. चर्चच्या सगळ्या घंटा अप्पांनी देवळांना वाटल्या. आणि प्रत्येक चर्चच्या पायाखाली एक देऊळ गाडलेलं आहे. तळाला 'हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत'.

शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे. वसईच्या धर्मग्रामांचा, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्त्यांचा, इतिहास शाळेत खरोखरच शिकवत नाहीत, म्हणून तर हा मजकूर दरवर्षी नव्याने खपतो. लिहिणाऱ्याला चिमाजी अप्पांचा अभिमान आहे, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही; वसईची मोहीम अभिमान बाळगावा अशीच होती. पण त्या अभिमानाच्या भरात त्याने अप्पांच्या नावावर अशी कामगिरी लिहून टाकली आहे जी अप्पांनी केली नाही आणि करायची नाही असं तहात कबूल केलं होतं.

'एकही चर्च शिल्लक ठेवलं नाही'

सगळ्या मजकुराचा कणा हाच दावा आहे, म्हणून इथे जरा वेळ काढू.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. किल्ल्यातली चर्चं वेगळी आणि गावांतली वेगळी. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे तटबंदीच्या आत त्यांचं शहर उभं राहिलं, त्यांच्या उत्तर प्रांताची ती राजधानीच. या शहरात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाने आपापला मठ आणि त्याला जोडून चर्च बांधलं. संत जोसेफचं मुख्य चर्च, ज्याचा उंच मनोरा आजही लांबून दिसतो, ते १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात नव्याने बांधल्याचा शिलालेख होता. ही चर्चं शहरातल्या लोकांसाठी होती : अधिकारी, शिपाई, व्यापारी, जहागीरदार, त्यांचे नोकरचाकर. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत बसवलेल्या कबरींचे दगड पाहिले तर तिथे कोण उपासनेला यायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

तटाबाहेर, बागायतीत आणि बंदरपट्टीत, गावकऱ्यांची चर्चं होती. सांडोरच्या संत थॉमस चर्चची स्थापना परंपरेने १५६६ ची मानतात, नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची १५७३ ची, माणिकपूरच्या संत मायकलची १६०६ ची. या धर्मग्रामांमध्ये शेतकरी, माळी, कोळी, भंडारी होते. मे १७३९ मध्ये किल्ला पडला तेव्हा तटाच्या आतलं शहर रिकामं झालं. तटाबाहेरचे शेतकरी कुठे जाणार? त्यांची केळीची बाग इथे, पानवेल इथे, विहीर इथे, होडी इथे.

आता तहाचं. वसईच्या शरणागतीच्या अटी छापून उपलब्ध आहेत. पोर्तुगीज सैन्याला हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाण फडकवत बाहेर पडू द्यायचं ठरलं. ज्यांना गलबतांतून जायचं त्यांना जाऊ द्यायचं. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल, त्यांच्यासाठी मोजकी चर्चं राखली जातील, हेही ठरलं. 'मोजकी' हा शब्द विसरू नये. पूर्वीची सगळी चर्चं पूर्वीच्या थाटात चालतील असं कुणी कबूल केलं नव्हतं. १७३७ पासून दोन वर्षं साष्टी (आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणं) आणि वसई परिसरात लढाई चालली होती. ठाणं आधी पडलं, मग एकेक ठिकाण हातचं गेलं. लष्कराचे तळ पडले, दमदमे उभे राहिले, दगडी भिंतीची प्रत्येक इमारत मोर्चाची जागा झाली. या धुमाळीत चर्चचं नुकसान झालंच. काही कायमची ओस पडली. साष्टीत तर बरीच.

पण ठरवून, यादी करून, एकूण एक चर्च जमीनदोस्त केलं हे चित्र जुळत नाही. किल्ल्यात जाऊन नुसतं पाहिलं तरी पुरे. संत जोसेफचा मनोरा उभा आहे. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग, कोरीव खांबांसकट, उभा आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या कमानी उभ्या आहेत. ज्यांनी सुरुंग लावून वसईचा बुरूज उडवला त्या फौजेला एक मनोरा पाडणं जड नव्हतं. मग या इमारतींना काय झालं? छप्पर गेलं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या वाड्याला विचारा. कौलं सरकली, कुणी नीट केली नाहीत, वाशांत पाणी मुरलं, चार पावसाळ्यांत वासे कुजले, छप्पर आत बसलं. लाकूड लोकांनी नेलं. भिंती राहिल्या. ज्या चर्चला माणसंच उरली नाहीत त्याची ही गत व्हायला तोफ लागत नाही.

मराठ्यांनी शहराचं नाव बाजीपूर ठेवलं, किल्ल्यात नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, सुभेदारीचा कारभार तिथून हाकला. पडके मठ त्यांनी दुरुस्त केले नाहीत, करायचं कारणही नव्हतं. पुढे इंग्रजांच्या अमलात किल्ल्यातली जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली, आत ऊस लावला गेला, साखर गाळण्याचा उद्योग झाला. उरल्यासुरल्या दगडविटांचं तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज बांधायला इतिहासकार व्हावं लागत नाही. हे सगळं अप्पांच्या खात्यावर कशाला?

आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच येत नाही. मराठे येण्याच्या पासष्ट वर्षं आधी, १६७४ मध्ये, मस्कतचे सुमारे सहाशे अरब वसईच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्चं लुटली. शहराची शिबंदी दरवाजे लावून आत बसून राहिली. त्याआधी १६१८ च्या मे महिन्यात चक्रीवादळाने वसईची दैना केली होती, त्यात चर्चंही सापडली. म्हणजे गावातली चर्चं १७३९ पूर्वीच एकदा वाऱ्याने आणि एकदा लुटारूंनी मोडली होती आणि गावकऱ्यांनी ती पुन्हा उभी केली होती. पडणं आणि उभं राहणं त्यांना नवीन नव्हतं.

फोटोंबद्दल

मजकुरासोबत फिरणाऱ्या फोटोंत कधीकधी वेलींनी वेढलेलं, छप्पर नसलेलं एक भलंमोठं चर्च असतं. ते वसईतलं नाही. ते अंधेरीच्या सीप्झमधलं, कोंडिविटे गावाचं संत जॉन बाप्टिस्टचं चर्च, १५७९ मधलं. मराठ्यांच्या सगळ्या राजवटीत ते चालू होतं. गावात साथ आली म्हणून १८४० मध्ये लोक उठून मरोळला गेले आणि तिथे नवं चर्च बांधलं. 'मराठ्यांनी पाडलेलं चर्च' म्हणून हा फोटो लावणाऱ्याने निदान एकदा सीप्झमधल्या कुणाला तरी विचारायला हवं होतं. मुंबईत तिथे काम केलेला माणूस ओळखीत नाही असं घर सापडणं कठीण.

'इंग्रजांनी बांधून दिली'

हा दावा तारखांपुढे टिकत नाही. साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतली हे खरं. पण वसई वेगळी. जनरल गॉडर्डने १७८० च्या डिसेंबरात ती घेतली, पण साल्बाईच्या तहाने मराठ्यांना परत द्यावी लागली. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने जो प्रसिद्ध तह केला तो वसईचा तह, आणि तेव्हाही वसई पेशव्यांचीच होती. ती इंग्रजांच्या हाती कायमची गेली १८१७-१८ च्या युद्धात. मधला एक छोटा तुकडा सोडला तर १७३९ पासून पाऊणशे वर्षांहून जास्त काळ वसईचे ख्रिस्ती पेशव्यांची रयत होते. तीन पिढ्या! चर्च नाही, पाद्री नाही, अशा अवस्थेत तीन पिढ्या गेल्या असत्या तर इंग्रजांना वसईत ख्रिस्ती सापडलेच नसते, मग चर्च कुणासाठी बांधणार होते?

शिवाय इंग्रज प्रॉटेस्टंट. कॅथलिकांबद्दल, विशेषतः पोर्तुगीजांच्या हाताखालच्या कॅथलिकांबद्दल, त्यांना प्रेम कमी आणि संशय जास्त. १७२० मध्ये मुंबई बेटावरच्या पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना त्यांनी बाहेर काढलं आणि चर्चं कार्मेलाइट मिशनऱ्यांच्या हवाली केली. अशा सरकारने वसईत गावोगाव चर्चं बांधून दिली असं मानायला फार मोठं मन लागतं.

मग पाऊणशे वर्षं चालवलं कुणी? मठातले गोरे पाद्री बहुतेक पोर्तुगीजांबरोबर गेले. मागे राहिलेल्यांची देखभाल देशी धर्मगुरूंकडे आली. त्यांत गोव्याहून पाठवलेले पुष्कळ होते. नेमणूक गोव्याच्या आर्चबिशपची, राहणं पेशव्यांच्या मुलखात, पोट गावकऱ्यांवर. या व्यवस्थेबद्दल एक बाहेरची साक्ष आहे. आंकेतील द्युपेरों, ज्याने पुढे पारशांच्या अवेस्ताचा फ्रेंच अनुवाद केला, तो १७६० मध्ये लेणी पाहायला साष्टीत हिंडत होता. ठाण्यात त्याने चर्चचा सण पाहिला. हजारो ख्रिस्ती जमलेले, मिरवणूक, सगळा थाट गोव्यासारखा, आणि गर्दीत युरोपियन कुणी नाही. ही नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, पानिपताच्या आदल्या वर्षातली गोष्ट. एका फ्रेंच माणसाला मराठ्यांची किंवा पाद्र्यांची भलामण करायची गरज नव्हती.

हे सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं मात्र कुणी समजू नये. पेशवाईत शुद्धीचे प्रयत्न झाले, वसईत हिंदू वस्ती वाढावी म्हणून धोरण आखलं गेलं. १८२० च्या आसपास, म्हणजे इंग्रजी अमलातच, साष्टीतल्या काही ख्रिस्ती आगरी-कोळी कुटुंबांना हिंदू धर्मात परत घेतलं गेलं. त्यांना 'उरप' किंवा 'नवे मराठे' म्हणत. ये-जा दोन्ही बाजूंनी होती. पण येणंजाणं व्हायला दोन्ही बाजू उभ्या असाव्या लागतात.

आजच्या बऱ्याच चर्चच्या इमारती एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या आहेत, आणि कदाचित इथेच मजकूरवाल्याची गल्लत झाली असावी. दर्शनी भिंतीवर सोळाव्या शतकातलं साल आणि आत लोखंडी तुळया, हे पाहून कुणालाही वाटेल की काहीतरी लपवालपवी आहे. ते साल धर्मग्रामाच्या स्थापनेचं असतं. इमारत दोनदा-तीनदा बदललेली असते : लोक वाढले, जागा पुरेना, जुनी मोडून मोठी बांधली. पंढरपुरातल्या देवळाचा प्रत्येक मंडप एकाच शतकातला आहे असं आपण समजत नाही ना? तसंच हे. धर्मग्रामाचं वय पाहायचं असेल तर वह्या पाहाव्या लागतात. ट्रेन्टच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदीचा नियम घातला, तेव्हापासून बाप्तिस्मा, लग्न, पुढे मृत्यू, सगळ्याची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवायची रीत आहे. वसईच्या दमट हवेत, वाळवीत आणि लढायांत जुन्या वह्या किती टिकल्या हा प्रश्न वेगळा. पण चर्चचं वय विटांवरून ठरवणं म्हणजे माणसाचं वय त्याच्या सदऱ्यावरून ठरवणं.

चर्चच्या कारभाराचा धागाही इंग्रजांकडून आलेला नाही. वसई गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारात होती, १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला त्यात गेली, १९२८ मध्ये तो मोडला तेव्हा मुंबईच्या धर्मप्रांतात गेली, आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, कॅथेड्रल पापडीचं. ही साखळी सलग आहे. १७३९ ला ती तुटलेली दिसत नाही.

'मागे राहिलेले पोर्तुगीज किंवा गोव्याहून आणलेले'

दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, पण मजकूरवाल्याला त्याचं काही वाटत नाही.

पुरावा म्हणून नेहमी आडनावं पुढे केली जातात. लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, मच्याडो, तुस्कानो, घोन्सालवीस : नावं पोर्तुगीज, म्हणजे माणसं पोर्तुगीज. बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचं किंवा स्थानिक जहागीरदाराचं नाव मिळायचं. ते कुटुंबाला चिकटलं. एकाच गावातल्या अर्ध्या घरांचं आडनाव एकच असतं ते त्यामुळे. रक्ताचा त्यात संबंध नाही. पोर्तुगालहून येणाऱ्या गलबतांत बायका अगदी थोड्या असत, आणि जी मिश्र कुटुंबं झाली ती तटाच्या आत राहत होती. १७३९ मध्ये ती गेली.

खरा पुरावा आडनावात शोधण्यापेक्षा बोलीत आणि जातीत शोधावा. वसईतले कुपारी जातीचे ख्रिस्ती जी कादोडी बोली बोलतात तीच बोली शेजारच्या गावांतले सामवेदी ब्राह्मण बोलतात. वाडवळी ख्रिस्ती वाडवळ बोलतात आणि हिंदू वाडवळही. कोळ्यांचं तेच. गोव्याहून आणलेले लोक शेजारच्या हिंदूंची घरगुती बोली, तीही दोन गावांआड बदलणारी, घेऊन कसे आले असतील? लिस्बनहून तर नाहीच. धर्म बदलला आणि जात तशीच राहिली, हे अभिमानानं सांगण्यासारखं नसेल, पण खरं आहे. कुपारी कुपाऱ्यांत सोयरीक करत राहिले, कोळी कोळ्यांत, भंडारी भंडाऱ्यांत. येशूसमोर सगळे सारखे हे प्रवचनात, लग्नाची बोलणी मात्र जातीत; हे चित्र बदलायला विसावं शतक बरंच सरावं लागलं.

आणि गोव्याच्या लोकांपासून आपण वेगळे आहोत हे इथल्या ख्रिस्ती समाजाने स्वतःहून जाहीर केलं होतं. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-साष्टी-वसईच्या मूळ ख्रिस्तींनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण करून संघटना काढली. मुंबईतल्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळुराहून येणाऱ्या ख्रिस्तींशी आपली गल्लत होऊ नये, हे त्यामागचं रोखठोक कारण. नावात इंग्रज सरकारची खुशामत होती हे उघड आहे. पण ज्यांना मजकूरवाला गोवेकर ठरवतो ते सव्वाशे वर्षांपूर्वीच 'आम्ही गोवेकर नाही' म्हणून संघटना बांधत होते.

याच ओघात कधीकधी संत गोन्सालो गार्सियांनाही 'एक पोर्तुगीज साधू' म्हणून निकालात काढलं जातं. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत जेझुइटांकडे शिकून जपानला गेले, तिथली भाषा आत्मसात केली, व्यापारही केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि दुभाषे म्हणून पुन्हा जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं त्यांत ते होते. १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद दिलं. २००८ मध्ये केरळच्या संत अल्फोन्सांना संतपद मिळालं तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी 'पहिल्या भारतीय संत' असा मथळा दिला. पहिल्या भारतीय स्त्री संत, असं हवं होतं. वसईकरांना तेव्हा आलेला राग मी पाहिला आहे, आणि तो रास्त होता.

भाषा

उपासना पोर्तुगीजमध्ये चालायची हे चूकच. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, कॅथलिक मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बहुतेक सगळ्या जगात लॅटिनमध्ये होत होती. लिस्बनमध्येही, वसईतही. प्रवचन, गाणी, उपवासकाळातलं वाचन लोकांच्या भाषेत. सतराव्या शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर या भागातल्या मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं, ते उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलं. त्याआधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला छापलं गेलं होतं. 'अलीकडे धरलेल्या मराठी'ला चारशे वर्षं झाली. वसईचं 'सुवार्ता' मासिक १९५५ पासून निघतंय. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा 'पाद्र्याचा मराठीशी काय संबंध' असे फॉरवर्ड आले होतेच. ते लिहिणाऱ्यांच्या मराठीतल्या शुद्धलेखनाबद्दल मी काही बोलत नाही.

घंटा

यात तथ्य आहे. वसईच्या मोहिमेत हाती लागलेल्या घंटा मराठा सरदारांनी घाटावर नेल्या आणि देवांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळच्या घाटावर टांगलेली घंटा त्यांतलीच. तिच्यावर बाळ येशूसह मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ ची. भीमाशंकरलाही एक आहे. पण 'सगळ्या घंटा' म्हणायला सगळ्यांची यादी लागते, ती कुणाकडे नाही. आता तर गावात जुनी घंटा दिसली की ती वसईची, असं सांगायची पद्धत पडली आहे. घंटेवर क्रूस, लॅटिन अक्षरं किंवा साल असेल तर बोलावं. नाहीतर ती बहुधा पुण्याच्या तांबट आळीतली असते.

आणि घंटा नेल्या म्हणजे चर्च पाडली, हा निष्कर्ष कुठून आला? युद्धात जिंकलेली मौल्यवान धातूची वस्तू विजेता नेतो. मराठ्यांनी नेली ती निदान वितळवून तोफ ओतली नाही, टांगली. म्हणून तर आज आपण तिच्यावरचं साल वाचू शकतो.

प्रत्येक चर्चखाली देऊळ

'प्रत्येक' हा शब्द काढला तर चर्चा करता येते. पोर्तुगीजांनी देवळं मोडली, हे त्यांच्याच पाद्र्यांच्या पत्रांत लिहिलेलं आहे आणि ते अभिमानाने लिहिलेलं आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पाद्री आन्तोनियो दो पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला चर्च केलं, वर मठ बांधला. शिवाच्या मूर्तींसमोर भिंती घातल्या गेल्या. आज मराठ्यांमुळे आणि पुरातत्त्व खात्यामुळे ते लेणं पुन्हा पाहता येतं. वसईजवळच्या निर्मळच्या तीर्थाचीही पोर्तुगीज काळात हानी झाली. मराठे आल्यावर तिथली देवळं पुन्हा उभी राहिली. आज निर्मळमध्ये कार्तिकातली यात्राही भरते आणि पवित्र क्रुसाच्या चर्चचा सणही होतो.

मंडपेश्वरबद्दल कागद आहे, लेणं डोळ्यांसमोर आहे. ज्या चर्चबद्दल असा कागद किंवा अवशेष असेल त्याबद्दल जरूर लिहावं. पण इतक्या गावांची चर्चं एका वाक्यात एकाच मापाने मोजणं हा आळस आहे. कित्येक चर्चं गावाच्या मध्यावर बांधलेली नाहीत, बागायतीच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी, जिथे जमीनदाराने जागा दिली तिथे आहेत.

या फॉरवर्डला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूनेही एक मजकूर फिरतो, तोही इथेच पाहून घेऊ. त्यात म्हटलेलं असतं की वसईत जे ख्रिस्ती झाले ते सगळे स्वखुशीने, प्रेमाने, पाद्र्यांची सेवा पाहून झाले. हेही खरं नाही. पोर्तुगीज मुलखात हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर, लग्नसमारंभांवर बंदी होती. वडील वारलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचे कायदे होते. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या धर्मन्यायालयाचा अधिकारी वसईतही बसायचा. जमीन, नोकरी, कर, सगळीकडे ख्रिस्ती असण्याचा फायदा होता. काही जण सेवा पाहून आले असतील, काही जण भीतीने आले, काही जण शेत वाचवायला आले. मालाडचे अंताजी रघुनाथ आणि अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी माणसं पुण्याला बाजीरावापर्यंत गेली आणि मोहिमेसाठी त्याच्या मागे लागली, ती काही उगाच नाही. किल्ल्यातल्या पाद्र्यांच्या राजवटीबद्दल त्यांची जी तक्रार होती ती नंदाखाल किंवा सांडोरच्या केळीवाल्याबद्दल नव्हती. १७३९ च्या तहातही चिमाजी अप्पांनी हाच फरक केला होता.